कलाम घडले कसे : डहाणू-तलासरीच्या वाचकांसाठी प्रस्तावना

ऑक्टोबरची १५ तारीख आली की डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या शाळांमध्ये टेबलावर एक तसबीर मांडली जाते. पांढरे लांब केस, मधोमध भांग, डोळ्यांत हसू. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कपाटातली पुस्तकं सतरंजीवर येतात, तासभर मुलं वाचत बसतात आणि एखादा धीट मुलगा पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतो. गरीब घरात जन्मले, वर्तमानपत्रं टाकली, मोठी स्वप्नं पाहिली, कष्ट केले आणि राष्ट्रपती झाले, एवढं त्यात असतं. टाळ्या पडतात, पुस्तकं पुन्हा कपाटात जातात.

या भाषणात फारसं खोटं काही नाही, पण त्यातली माणसं गळून पडली आहेत. रामेश्वरमचा एक मुलगा आणि राष्ट्रपती भवन यांच्यामध्ये अनेक माणसं उभी होती. एक बहीण, एक मेहुणा, दोन-तीन शिक्षक, अपयशाची जबाबदारी अंगावर घेणारे वरिष्ठ आणि दरवाजे उघडे ठेवणाऱ्या काही संस्था. ती वगळून गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या मुलाच्या मनात एकच गोष्ट ठसते : स्वप्न मोठं पाहिलं तर सगळं होतं, माझं झालं नाही, म्हणजे मीच कमी पडलो. सायवन, गंजाड, उधवा, झरी या भागांतल्या पाड्यांवरच्या मुलांवर हे ओझं टाकणं अन्यायाचं आहे. हे चरित्र इथल्या वाचकांच्या हाती देताना म्हणूनच एक विनंती आहे. कलामांकडे पाहाच, पण त्यांच्या आजूबाजूला कोण उभं आहे तेही पाहा.

अवुल पाकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वरमला झाला. वडील जैनुलाब्दीन मशिदीत इमाम होते. त्यांची नाव होती आणि रामेश्वरम ते धनुष्कोडी अशी यात्रेकरूंची ने-आण ते त्या नावेतून करत. आई आशियम्मा यांच्या हातची रोज किती पानं उठत याची गणती नसे, कारण घरच्यांपेक्षा बाहेरचेच जास्त जेवायला असत. घर चुन्या-विटांचं, पक्कं होतं. अडचण होती, अन्नान्न दशा नव्हती. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण इथल्या कितीतरी मुलांच्या घरची परिस्थिती कलामांच्या घरापेक्षा अवघड आहे. ‘तेही गरीब होते, तूही गरीब आहेस’ एवढं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा कलाम आठव्या वर्षात होते. बाजारात अचानक चिंचोक्यांना मागणी आली. हा मुलगा चिंचोके गोळा करून मशीद गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात विकू लागला आणि दिवसाला एक आणा मिळवू लागला. पुढे युद्धामुळे रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकले जात. गावात पेपर वाटणारे चुलतभाऊ समसुद्दीन यांना ते गठ्ठे झेलायला कुणीतरी हवं होतं. कलामांचा पहिला पगार तो. मोह, डिंक, रानभाज्या गोळा करून आठवडी बाजारात नेणाऱ्या इथल्या मुलांना या कमाईबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही.

याच वयात त्यांच्या आयुष्यात शिवसुब्रमण्य अय्यर नावाचे विज्ञानाचे शिक्षक आले. पक्षी कसा उडतो हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून शिकवलं. मुलांच्या डोक्यात काही शिरलं नाही हे लक्षात आल्यावर ते अख्खा वर्ग घेऊन समुद्रावर गेले. पंख कधी मारतात, शेपूट कशी वळते, दिशा कशी बदलते, हे मुलांनी उडत्या पक्ष्यांकडे बघून समजून घेतलं. आपण आयुष्यात उडण्याशी संबंधित काहीतरी करायचं, हे त्या दिवशी मनात रुजलं, असं कलाम पुढे आयुष्यभर सांगत राहिले. या धड्याला कसलाही खर्च आला नव्हता. नरपड, बोर्डी, चिंचणीच्या किनाऱ्यांवरही पक्षी उडतात. मुलं ते रोज बघतात. वर्ग तिथवर नेणारे गुरुजी किंवा बाई मात्र हव्यात.

अय्यर यांचा दुसरा प्रसंग तर प्रत्येक शिक्षकानं वाचावा असा आहे. ते सनातनी ब्राह्मण घराण्यातले, पण समाजातल्या भिंती मोडायच्या या मताचे. एक दिवस त्यांनी कलामांना घरी जेवायला बोलावलं. मुसलमानाचा मुलगा आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात जेवणार या कल्पनेनंच त्यांच्या पत्नी हादरल्या. त्यांनी वाढायला नकार दिला. अय्यर चिडले नाहीत आणि मुलाला परतही पाठवलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं पान वाढलं आणि त्याच्या शेजारी बसून स्वतः जेवले. बाई दाराआडून बघत होत्या. निघताना अय्यरांनी कलामांना पुढच्या आठवड्यात पुन्हा जेवायला बोलावलं. मुलगा घुटमळला. रीत बदलायची तर अशा अडचणींना तोंड द्यावंच लागतं, अशी त्यांनी समजूत घातली. पुढच्या खेपेला त्या बाईंनीच मुलाला आत नेलं आणि आपल्या हातानं वाढलं. भेदभावाविरुद्ध घोषणा देणं सोपं आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांसमोर, आवाज न चढवता आणि माघार न घेता उभं राहणं अवघड आहे. अय्यरांनी ते केलं.

रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कूलमध्ये इयादुराई सॉलोमन यांच्यासारखे शिक्षक भेटले. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९५४ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी मिळाली. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमानशास्त्र शिकायचं तर प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये लागणार होते. वडिलांकडे तेवढे नव्हते. थोरली बहीण जोहरा हिनं हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि गळ्यातली साखळी गहाण टाकली. तिचे पती जलालुद्दीन यांनी तर लहानपणापासून या मुलाला बाहेरच्या जगाच्या, पुस्तकांच्या आणि विज्ञानाच्या गोष्टी सांगून त्याची भूक वाढवली होती.

हा प्रसंग एका आश्रमशाळेत सांगितला तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बहिणीला शिकायला मिळालं का?” वर्गात शांतता पसरली. तिच्या प्रश्नामागं तिचं स्वतःचं जग होतं. थोरली बहीण घरी राहते, धाकट्याला कडेवर घेते, पाणी भरते आणि भाऊ शाळेत जातो. दिवाळी झाली की आईबाप भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मग तीच घर सांभाळते, नाहीतर त्यांच्याबरोबर जाते आणि तिची शाळा सुटते. भावाच्या यशासाठी बहिणीनं बांगड्या काढून दिल्या याचं कौतुक करताना ‘मग तिचं काय?’ हे विचारायची सवय आपल्याला लागायला हवी. त्या मुलीनं विचारलेला हा प्रश्न या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकानं सोबत घेऊन पुढं जावा.

या प्रश्नावर इथंच, डहाणू तालुक्यातच एक उत्तर शोधलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुली शाळेत का येत नाहीत हे त्यांनी पाड्यापाड्यांत फिरून पाहिलं. धाकट्या भावंडांना सांभाळावं लागतं, हे कारण समोर येताच त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ही त्यांची ‘विकासवाडी’. मोठीनं धाकट्याला पाळणाघरात सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. जी मुलं गुरं चारायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर गेली. ती ‘कुरणशाळा’. शिकवायची साधनं शिंपले, बिया, पानं, चिंचोके अशी भोवतालची. अडचण मुलाची नसते, रचनेची असते, आणि रचना बदलता येते, हे या दोघींनी करून दाखवलं. पक्ष्यांसाठी वर्ग समुद्रावर नेणारे अय्यर आणि गुरांमागून शाळा कुरणावर नेणाऱ्या ताराबाई-अनुताई एकाच जातकुळीचे शिक्षक होत.

शिक्षण संपल्यावर कलामांची वाट सरळ नव्हती. त्यांना वैमानिक व्हायचं होतं. देहरादूनला हवाई दलाच्या निवडीत २५ जणांत ते नववे आले आणि जागा आठच होत्या. खचलेल्या मनानं ते हृषीकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले आणि मग दिल्लीला जाऊन महिना अडीचशे रुपयांवर संरक्षण खात्यात वरिष्ठ वैज्ञानिक साहाय्यकाची नोकरी धरली. ते १९५८ साल होतं. नापास झालेली किंवा ‘नीट’ आणि ‘सीईटी’त थोडक्यात मागं राहिलेली मुलं आपल्याकडे वर्षानुवर्षं मान खाली घालून फिरतात. त्यांनी हा नववा क्रमांक विसरू नये.

१९६२ मध्ये मुंबईत झालेल्या मुलाखतीनंतर डॉ. विक्रम साराभाई यांच्या चमूत कलाम अग्निबाण अभियंता म्हणून दाखल झाले. अग्निबाण उडवायला पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. ती केरळच्या किनाऱ्यावर थुंबा या मच्छीमारांच्या गावी सापडली. तिथल्या ख्रिस्ती समाजानं आपलं चर्च आणि बिशपचं घर या कामासाठी मोकळं करून दिलं. चर्चमध्ये कार्यालय थाटलं गेलं आणि सायकलवरून अग्निबाणाचे सुटे भाग वाहिले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. भारताच्या अवकाश संशोधनाची सुरुवात एका कोळीवाड्यानं दिलेल्या जमिनीवर झाली, हे डहाणूच्या किनाऱ्यावर विशेष लक्षात घ्यायला हवं.

या कामात मराठी माणसं पहिल्यापासून होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस साराभाईंच्या बरोबरीनं अवकाश समितीचं काम पाहत होते आणि थुंब्याची जागा निवडण्यातही त्यांचा हात होता. पुण्याचे प्रमोद काळे पहिल्या पिढीतले अभियंते. वसंत गोवारीकरांनी अग्निबाणाचं घन इंधन देशातच तयार व्हावं म्हणून खपून काम केलं आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. अवकाश संशोधन हे शेकडो जणांचं काम असतं. एकाचं नाव पुढं येतं, बाकीच्यांची नावं शोधावी लागतात.

आता १० ऑगस्ट १९७९ च्या सकाळी श्रीहरिकोट्याला जाऊ. एसएलव्ही-३ हा २३ मीटर उंच, १७ टन वजनाचा, चार टप्प्यांचा अग्निबाण उड्डाणमंचावर उभा आहे. कलाम या प्रकल्पाचे संचालक. सात-आठ वर्षांची मेहनत पणाला लागलेली. उलटी गणती चालू असताना संगणक धोक्याची सूचना देऊन थांबतो. तज्ज्ञ आकडे तपासतात, पुढं जायला हरकत नाही म्हणतात. कलाम उड्डाणाचा निर्णय घेतात. पहिला टप्पा बिनचूक जळतो. दुसऱ्या टप्प्यात ताबा सुटतो. ३१७ सेकंदांत सगळं संपतं आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळतो. नियंत्रण यंत्रणेतली एक झडप कचऱ्यामुळे नीट बंद झाली नव्हती आणि नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं, हे नंतर उमगलं.

बाहेर पत्रकार थांबले होते. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन कलामांना घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि स्वतः बोलले. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली, सहकाऱ्यांवर विश्वास असल्याचं सांगितलं आणि पुढच्या वर्षी यश मिळेल अशी ग्वाही दिली. १८ जुलै १९८० रोजी त्याच बनावटीचा अग्निबाण रोहिणी उपग्रह घेऊन कक्षेत पोहोचला. त्या दिवशी धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं. अपयश आलं तेव्हा पुढारी पुढं, यश आलं तेव्हा पुढारी मागं. कलामांनी हा प्रसंग असंख्य सभांत सांगितला. धवन नसते आणि त्या सकाळी एखाद्यानं ‘चूक याची’ म्हणून बोट दाखवलं असतं, तर पुढचे कलाम कदाचित दिसले नसते. घर, शाळा, ग्रामपंचायत, सरकारी कचेरी, सगळीकडे हा धडा लागू पडतो. दहावीचा निकाल कमी लागला की मुख्याध्यापकांनी पालकसभेत काय बोलायचं, तेही यातून शिकता येईल.

१९८२ मध्ये कलाम हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत गेले. १९८३ मध्ये क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला आणि पृथ्वी, त्रिशूल, आकाश, नाग, अग्नी ही नावं घराघरांत पोहोचली. ‘पृथ्वी’ची पहिली चाचणी फेब्रुवारी १९८८ मध्ये आणि ‘अग्नी’ची २२ मे १९८९ रोजी झाली. मे १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांतही त्यांची भूमिका मोठी होती. १९९७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. शस्त्रांवर देशाचा किती पैसा आणि किती बुद्धी खर्च व्हावी, याबद्दल वाचकांमध्ये मतभेद असतील आणि असावेत. कलामांचं मत पक्कं होतं : दुबळ्या देशाला कुणी मान देत नाही. विद्यार्थ्यांनी त्या मताचा आदर राखून त्यावर वाद घालावा. भाबडी भक्ती कोणत्याही शास्त्रज्ञाच्या कामाची नाही.

या काळातली एक गोष्ट क्षेपणास्त्रांइतकी गाजली नाही, पण तिची थोरवी कमी नाही. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांतले धातूचे जड कॅलिपर दाखवले. एकेक सुमारे ३ किलोचा. ती मुलं पाय ओढत चालत. ‘अग्नी’साठी तयार केलेल्या हलक्या संमिश्र पदार्थातून कलामांच्या सहकाऱ्यांनी ३०० ग्रॅमचे कॅलिपर बनवले. मुलं ते घालून पळू लागली आणि आईबापांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या कामातून मिळालेल्या सर्वांत मोठ्या आनंदांत कलाम या प्रसंगाची गणना करत. विज्ञान कुणाच्या पायाशी जाऊन थांबतं, हा प्रश्न त्यांना कळला होता.

२००२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीबरोबरच काँग्रेसनंही त्यांना पाठिंबा दिला. डाव्या पक्षांनी आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं होतं. तलासरी-डहाणूत लाल बावट्याचं बळ जुनं आहे. त्यामुळे इथल्या अनेक घरांत त्या वर्षी सहगलबाईंचं नाव आदरानं घेतलं गेलं असणार. लोकशाहीत दोन्ही नावं आदराची असू शकतात. कलाम मोठ्या मताधिक्यानं निवडून आले आणि २५ जुलै २००२ रोजी देशाचे अकरावे राष्ट्रपती झाले.

त्यांच्या कारकिर्दीतले निर्णय सगळेच वादातीत नव्हते. मे २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना त्यांनी बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या आदेशावर सही केली. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर राजीनामा देण्याचा विचार मनात आला होता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक त्यांनी संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवलं आणि संसदेनं ते पुन्हा मंजूर केल्यावर घटनेप्रमाणे सही केली. त्याच वर्षी ८ जूनला पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सुखोई विमानात बसून ते आकाशात गेले. देहरादूनला हुकलेलं उड्डाण चौऱ्याहत्तराव्या वर्षी पूर्ण झालं. त्याच वर्षी रामेश्वरमहून पन्नासेक नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहायला आले. त्यांच्या राहण्या-जेवणाचा साडेतीन लाखांच्या आसपासचा खर्च कलामांनी स्वतःच्या खिशातून भरला. हा हिशेब कुणी मागितला नव्हता. सार्वजनिक पैसा हातात असलेल्या प्रत्येकानं, मग तो ग्रामनिधी असो की शाळेचं पोषण आहाराचं खातं, ही गोष्ट जपावी.

पद सुटल्यावर ते पुन्हा शिकवायला गेले. २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगच्या आयआयएममध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलत असतानाच ते कोसळले. शिलाँगला येतानाच्या प्रवासात पुढच्या गाडीत तासन्‌तास बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या जवानाला त्यांनी उतरल्यावर बोलावून घेतलं, हात हातात घेतला आणि आपल्यामुळे त्रास झाला म्हणून माफी मागितली. व्याख्यानाचा विषय होता, पृथ्वी जगण्याजोगी कशी ठेवायची.

तोच विषय डहाणू-तलासरीच्या दाराशी येऊन ठेपला आहे. शेजारच्या तारापूरला १९६९ मध्ये देशातला पहिला अणुवीज प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या विस्तारात अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठली. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. १९९६ पासून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणानं त्याची राखण केली. आता वाढवणचं बंदर आहे, बुलेट ट्रेन आहे. मासेमार, चिकूचे बागायतदार, डायमेकिंगचे कारागीर, वारली शेतकरी, सगळे विचारतात : विकास कुणाचा आणि किंमत कुणी मोजायची? कलामांनी ‘भारत २०२०’मध्ये विकसित देशाचं चित्र रेखाटलं. खेड्यांना शहरांच्या सोयी मिळाव्यात यासाठी ‘पुरा’ची कल्पना मांडली. त्या चित्रात इथल्या माणसाची जागा नेमकी कुठं, हे इथलाच माणूस सांगू शकेल, आणि तो शास्त्र शिकलेला असेल तर त्याचं म्हणणं आकड्यांसह मांडता येईल.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांनी भूकंपाचे धक्के सोसले. भिंतींना भेगा पडल्या, थंडीत कुटुंबं तंबूंत झोपली, एका चिमुरडीचा जीव गेला. हैदराबाद आणि दिल्लीहून शास्त्रज्ञ आले, भूकंपमापक बसवले गेले. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल उतरतं आणि आधीच ताणात असलेला खडक सरकतो, असं एक स्पष्टीकरण पुढं आलं. पण आलेला शास्त्रज्ञ आणि घाबरलेलं गाव यांच्यामध्ये भाषेचं अंतर होतं. गावच्या भाषेत भूगर्भ समजावून सांगणारा इथलाच कुणी हवा होता. या पुस्तकाच्या वाचकांतून एखादी मुलगी भूशास्त्र शिकली, तर ते अंतर तिला घरातूनच माहीत असेल.

भाषा हा इथल्या विज्ञानशिक्षणातला पहिला उंबरठा आहे. घरी वारली, शाळेत पुस्तकी मराठी, अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. हुशार मूलही दुसऱ्या किंवा तिसऱ्या उंबऱ्यावर अडखळतं आणि आपण म्हणतो, त्याला गणित जमत नाही. रामेश्वरमला कलामांचं पहिलं शिक्षण तमिळमध्ये, म्हणजे घरच्या भाषेत झालं. अय्यरांचा पक्षी त्यांना आधी तमिळमध्ये कळला, इंग्रजी नावं नंतर चिकटली. पहिली-दुसरीच्या वर्गात वारलीतून बोलणारे शिक्षक लाभले, तर मुलं आधी समजून घेतील आणि मग नावं पाठ करतील.

इथल्या माणसांनी काय करून दाखवलंय याचाही विसर पडू नये. लग्नाच्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून जमीनदाराकडे राबणाऱ्यांनी १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत एकत्र येऊन गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीनं वेठबिगारी संपवली. त्यांच्या नातवंडांसाठी पुढं शाळा आणि वसतिगृहं निघाली. कुणी लाल बावट्याच्या चळवळीतून काढली, कुणी मिशननं, कुणी कल्याण आश्रमानं, कुणी सरकारच्या आदिवासी विकास खात्यानं. काढणाऱ्यांचे विचार वेगळे होते, पण वसतिगृहात वळकटी घेऊन आलेल्या मुलाची भूक सारखीच होती. २५ जुलै २०२२ रोजी, कलामांच्या शपथविधीला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, ओडिशातल्या मयूरभंजच्या संताळ समाजातल्या द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या. पाटबंधारे खात्यात कारकून आणि नंतर शिक्षिका राहिलेली आदिवासी स्त्री तिथवर पोहोचू शकते, हे इथल्या मुलींना आता कुणी पटवून द्यायला नको.

कलामांच्या आत्मचरित्राचा ‘अग्निपंख’ हा माधुरी शानभाग यांनी केलेला मराठी अनुवाद अनेक शाळांच्या कपाटांत आहे. प्रस्तुत पुस्तक त्याची जागा घेण्यासाठी नाही, त्याच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी आहे. विद्यार्थ्यांनी ते सलग वाचावं, अडलं तिथं खूण करावी, आणि कलामांचा एखादा निर्णय पटला नाही तर तसं वहीत लिहावं. शिक्षकांनी अय्यरांच्या दोन प्रसंगांवर आपापसांत चर्चा करावी आणि महिन्यातून एक तास तरी वर्ग शाळेबाहेर न्यावा. पालकांनी जोहराच्या बांगड्यांची गोष्ट वाचताना घरातल्या मुलीच्या शाळेचा दाखला कुठं आहे ते पाहावं. अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी धवनांचं पान दुमडून ठेवावं. वीटभट्टीच्या हंगामात मूल गावातच राहून शिकेल यासाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणं, अकरावी सायन्सच्या प्रयोगशाळेत खरोखर प्रयोग होणं आणि आश्रमशाळेत गणित-विज्ञानाचं पद रिकामं न राहणं, एवढं जमलं तर मुलांना स्वप्नं पाहा म्हणून सांगावं लागणार नाही. ती पाहतातच. ती पुरी व्हायला लागणारी माणसं आपण व्हायचं आहे, आणि त्याची सुरुवात या शैक्षणिक वर्षापासूनच करता येईल.